उतरवून घेतलेलं

मोखोटलाँगला मे मालेफूच्या दुकानात वायफाय मिळतं,
तासाला पाच मालोटी.
डोंगरावर निघायच्या आदल्या दिवशी
मी मक्याच्या पिठाच्या पोत्यावर बसून
व्हिडिओ उतरवून घेतो.
चार महिन्यांचं पीठ, मीठ, काडेपेट्या,
मेंढ्यांच्या खुरांना लावायचं निळं औषध
आणि एकसष्ट व्हिडिओ.
वर काही उतरत नाही, गारांशिवाय.

साबण चिरणारे हात. नुसते हात, माणूस नाही.
मासेरूची एक मुलगी गणवेशात नाचते,
मागे तिची आई कपडे वाळत घालता घालता दोनदा येऊन जाते.
फुटबॉलचे नऊ.
एका गोलकीपरच्या तोंडावरून कुठल्याशा अ‍ॅपचं नाव
माशीसारखं फिरत राहतं.
लेबुसा पहिल्या रात्री ती हाकलायला गेला.
हसलो आम्ही. अकरा वर्षांचा आहे तो.

आणि जिन्यावरची बाई.

ती साठावी. तास संपत आलेला,
मे मालेफू किल्ल्या वाजवत डोक्यावर उभी.
गोल फिरणारी रेघ थांबली,
मला वाटलं, उतरला.
वर आल्यावर कळलं, अर्धाच.

हिरवा कोट घातलेली बाई जिना चढते,
काखेत कापडात बांधलेलं काहीतरी.
दाराशी थांबून केस सारखे करते.
टकटक.
दार बोटभर उघडतं
आणि नवव्या सेकंदाला सगळं थिजतं,
तिचं तोंड बोलण्याच्या बेतात.

मोखेथी म्हणाला, आत मुलगा आहे, खाणीतून परतलेला.
मी म्हणालो, घरमालक. भाडं थकलंय, बोचक्यात कोंबडी.
लेबुसा म्हणाला, आत कुणीच नाही.
मग दार कुणी उघडलं रे?
वाऱ्यानं.
यावर दोन रात्री भांडण. शेवटी पैज लागली:
हरेल त्यानं महिनाभर झऱ्यावरून पाणी आणायचं.
पलीकडच्या खोऱ्यातले दोघे
एक मेणबत्ती देऊन बघायला आले,
तर त्यांचं तिसरंच. म्हणे, आतही तीच बाई.

ढग आले की सोलरची पाटी नुसती पाटी.
बारा टक्क्यांवर एकच व्हिडिओ, असा नियम.
नुकत्याच कातरलेल्या सतरा बकऱ्या
ज्या रात्री गारठून गेल्या,
त्या रात्री कुणी मत विचारलं नाही,
मोखेथीनं तीच लावली.
नऊ सेकंद. परत नऊ सेकंद.
लेबुसा घोंगडीतून म्हणाला,
बोचक्यात ब्लँकेट असणार.
कुणी भांडलं नाही.

तिसऱ्या महिन्यात मीठ संपलं, मी खाली गेलो.
पाच मालोटी मोजले. शोधायला वेळ लागला,
कारण शोधायचं काय नावानं?
हिरवा कोट, जिना, दार. सापडली.
दार उघडतं. आत ताजी पिवळी भिंत,
जमिनीवर रंगाचा डबा, तीस टक्के सूट.
माणूस नाही.
बाई आपल्याकडे वळून हसते,
बोचक्यातून ब्रश काढते.
एकवीस सेकंद.

पुन्हा पाहिला. उतरवायचं बटण
अंगठ्याखालीच होतं, चाळीस मिनिटं बाकी होती.
साबण चिरणाऱ्या हातांचे आणखी चार घेतले
आणि निघालो.

वर आधी कुत्री धावत आली, मग लेबुसा,
गमबूट उलटसुलट पायांत.
कोण होतं?
मी म्हटलं, आधी मीठ धर. नेट गेलं होतं.
तो म्हणाला, बरं झालं,
आणि पोतं डोक्यावर घेऊन पुढे पळाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
झऱ्यावरचा बर्फ फोडून पाणी मी आणलं.
त्याच्या पुढच्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी लेबुसानं विचारलं, तूच का?
म्हटलं, झोप येत नाही.